बुडबुडा

चाळीस वर्षं मी पंक्चर काढतो,
सेकोंडीत, बंदराकडे उतरणाऱ्या वळणावर.
ट्यूब फुगवायची, घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरायची
आणि गप्प बसायचं.
कुठून तरी एक बुडबुडा वर येतोच,
चुगलखोर.
तिथं बोट. मग कानस, ठिगळ, आच.
एसिल्फीनं बुजवलेलं भोक पुन्हा गळत नाही
(खोटं आहे, पण गिऱ्हाइकाला असंच सांगतात).

डावा डोळा कधी गेला, कळलंच नाही.
टायर दाब गेल्यानं बसतो,
डोळा दाब चढल्यानं बसला.

उजव्याला डॉक्टर दादझीबाईंनी भोक पाडलं.
भोक! मी हसलो होतो तेव्हा.
वरच्या पापणीखाली, पांढऱ्यात, एक चोरदार,
आतलं पाणी झिरपून जायला,
आणि त्याच्यावर पातळ कातडीचा बुडबुडा.
"हा टिकला तर नजर टिकली."
चौतीसचा आकडा अकरावर आला.
एकुआनं, माझ्या लेकीनं, वहीत लिहून ठेवला.

सहाव्या आठवड्यात सव्वीस.
बुडबुडा चपटा, लाल.
"तुमचं अंग फार लवकर भरून येतं," बाई म्हणाल्या,
दुखवटा सांगावा तशा आवाजात.
आई कौतुकानं सांगायची शेजारणींना,
ह्या पोराची जखम दोन दिवसांत मिटते.
तो गुण सत्तरीत असा अंगावर येईल
हे तिला कुठं ठाऊक.

मग सुया.
थेंब घालून डोळा बधिर.
"खाली बघा. पायांकडे."
औषध कॅन्सरचं, पण थेंबभरच,
वाढणाऱ्याला दटावणारं.
सुईचं टोक जुन्या व्रणाचे धागे तोडत हिंडतं;
दुखत नाही,
कुणीतरी अंधारात घरभर फिरतंय एवढं कळतं.
दुखतं रात्री. मूठभर वाळू,
आणि चोळायचं नाही.

रविवारी पाद्र्यानं डोक्यावर हात ठेवला :
"प्रभो, ह्याची जखम भरून काढ."
सगळे आमेन म्हणाले.
मी घाईघाईनं पुटपुटलो,
नको, एवढी एक राहू दे.

काल पाचवी सुई.
आधी पिवळा रंग, निळा दिवा,
गळती हुडकायची माझीच युक्ती,
फक्त घमेलं नाही.
"उठलाय," बाई म्हणाल्या. "जरासा. बघू."
सतरा.
एकुआनं आकडा दोनदा गिरवला,
जणू शाई जाड झाली की तो हलणार नाही.

आज टॅक्सीवाला मेन्सा ट्यूब घेऊन आला.
पाण्यात दाबली.
आला बुडबुडा, गोल, नितळ,
काठाशी थरथरत.
बोट ठेवायचं सोडून मी बघत राहिलो.
"म्हातारबा," मेन्सा म्हणाला, "डोळा लागला की काय?"