साधी की बत्तीस

बेतुलच्या जेटीवरून निघून तिसरी रात्र.
बोट नांगरावर. डिझेलचा, ओल्या रबराचा वास,
आणि वही घेऊन इनास दारात उभा:
उद्यासाठी काय लिहू? साधी, की बत्तीस?

बत्तीस म्हणजे शंभरात बत्तीस भाग प्राणवायू.
सिलिंडरमागे साडेतीनशे रुपये जास्त.
साधी म्हणजे साधीच,
आत्ता माझ्या नाकातून फुकट येते-जाते आहे ती,
जिचा मडगावच्या शाखेत अठ्ठावीस वर्षं बसून
मी एकदाही हिशेब मांडला नाही.

देवस्थळी पुण्याचे. मनगटावर वाटीएवढं घड्याळ.
ते म्हणतात, दिवसाला चार बुड्या, असे पाच दिवस,
रक्तात नायट्रोजन साठत जातो हो,
व्याजावर व्याज चढावं तसा.
(ही उपमा खास माझ्यासाठी.)
बत्तीस घ्या, संध्याकाळी थकवा नाही.
इनास म्हणतो, थकवा झोपेने जातो.
पण वही पुढेच धरतो.

बत्तीसला एक अट आहे.
तेहतीस मीटरच्या खाली उतरायचं नाही.
तिथे हाच प्राणवायू उलटतो,
आकडी येते, दातांतली नळी सुटते.
साध्या हवेला त्याहून खोल जायची मुभा.
मी दोनदा विचारून घेतलं:
म्हणजे ज्याच्यापाशी जीव जास्त,
त्यानेच उथळ राहायचं?
तसंच, इनास म्हणाला,
आणि इथे तळ चौदा मीटरवर, बाई. झोपा आता.

शाणूमामा काणागिणीच्या खडपांवरून
शिनाणे काढायला उडी टाकायचा.
एक श्वास. कमरेला जाळीची पिशवी,
हातात झिजून बोटभर उरलेली पटाशी.
मी वर बसून आकडे मोजायची.
चाळीस. पन्नास. साठ.
सत्तरला मला लघवी लागायची.
मग तो शिंकरत वर, पिशवी खडखडत,
आणि आधी विचारायचा, कितले जाले गो?
मी नेहमी पाच वाढवून सांगायची.
कुठली हवा हवी म्हणून
वही घेऊन त्याच्या दारात कुणी आलं नाही.
आलं असतं तर त्याने आधी भाव पाडला असता.

पहाटे मी बत्तीस लिहायला सांगितलं.
कारण मोठं नव्हतं. बावन्न वय, उजवा गुडघा,
आणि साडेतीनशे रुपये मला आता परवडतात.

डेकवर मापायचं यंत्र, साबणाच्या वडीएवढं.
आधी त्याला साधी हवा दाखवायची,
उघडी, बांगडे तळल्याचा वास असलेली.
काटा नाही, आकडे फिरतात:
वीस पॉइंट नऊवर ठरले की मगच पुढचं.
साधी कळली नाही
तर त्याला जास्त कळतच नाही.
मग सिलिंडरची चावी किंचित. फुस्स.
एकतीस पॉइंट आठ.
पांढऱ्या चिकटपट्टीवर आकडा, मर्यादा, तारीख, सही.
सही स्वतःचीच लागते,
इनास कुणाला दुसऱ्याची करू देत नाही.
इतकी वर्षं लोकांच्या पैशांवर सह्या केल्या,
श्वासावर ही पहिली.
अक्षर जरा थरथरलं. बोट हलत होती.

खाली गढूळ.
तीन हातांवर देवस्थळींचे पिवळे पंख,
तेही दिसतात, नाहीसे होतात.
बुडालेल्या बार्जच्या काठाला शिनाणे,
मुठीएवढे, कुणी न काढलेले.
बत्तीसला चव नाही. तेच रबर.
सवयीने मी मोजू लागते.
सत्तर. काही होत नाही.
शंभर. दोनशे दहा.
मग एक पाकट वाळू झटकून निघून जातं
आणि आकडा कुठे होता ते विसरते.

शिडीवर इनास हात देतो.
किती मिनिटं?
घड्याळात त्रेपन्न.
मी अठ्ठावन्न सांगते.