अर्धी बादली

शॉवर सुरू केला की चतुराबाई किंचाळायच्या.
दोघींनी हात धरायचे, तिसरीनं साबण.
रजिस्टरात मी लिहायचे: आंघोळीस विरोध. आक्रमक.
मनगटावर त्यांच्या नखांच्या तीन रेघा.

मग एका मंगळवारी
किंचाळण्यातले शब्द नीट ऐकले:
"सांडू नगं गं माय,
टँकर आता आठ दिसांनी."

लातूरच्या त्या उन्हाळ्यात मीही रांगेत होते,
पालथ्या घागरीवर दहावीचं पुस्तक ठेवून.
तरी ऐकू यायला चार महिने लागले.

आता शॉवरला फडकं बांधलंय.
अर्धी बादली. पितळी तांब्या,
सुनेनं उदगीरहून पाठवलेला.
स्टुलाखाली मोठी परात.
तांब्या त्यांच्याच हातात देते.
त्या मोजतात: एक, दोन, तीन, चार, पुन्हा दोन.
मी दुरुस्त करत नाही.
परातीतलं पाणी दोघी मिळून कढीपत्त्याला घालतो.
साबणानं झाड जरा पिवळं पडलंय.

पंचवीस मिनिटं जातात.
मॅनेजर म्हणतात, बारा जणींचं असं कसं जमायचं?
मला ठाऊक नाही.
"स्वतः आंघोळ केली" याला रजिस्टरात रकाना नाही,
मी समासात लिहिते.

केस पुसताना त्या रोज विचारतात,
"तू कुणाची गं?
तुमच्याकडं किती दिसाला यायलंय नळाला?"
कधी मी त्यांची धाकटी होते,
कधी शेजारच्या वत्सलेची थोरली.
नळाचं मात्र खरं सांगते: आठ.

"मंग थांब की," म्हणतात,
बादलीत वाकून बघतात,
"तांब्याभर घेऊन जा."