रजिस्टर

पारोळ्याच्या दवाखान्यात कॅलेंडर गेल्या वर्षीचं.
कोकिळा सिस्टर रजिस्टर उघडून महिना सांगते.

पानभर एकच आडनाव, शेवटी नवरदेव,
अंगाची हळदही न उतरलेला:
वैशाख. मठ्ठ्यातला बर्फ
मासळीच्या पेटीतला होता.

श्रावणात कानबाईचे रोट.
घरच्यांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत.
चौथ्या दिवशी अख्खं घर
एका बाकावर, पोट धरून.
सासू म्हणते, देवीचं कसं बाधेल? पाणीच वाईट.
सिस्टर हो म्हणते
आणि शीर शोधते.

मग थंडी.
शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजतात,
भरीत वाफेसकट पानात पडतं.
रजिस्टर कोरं.
फक्त झिपरू मिस्तरी येतो, दारातच लाजतो:
“काही नही वो ताई,
जास्ती खवाई गयं.”