ओळंबा

सारंगखेड्याच्या जत्रेत, घोडेबाजाराच्या मागच्या अंगाला
आमचा तंबू: प्रकाश फोटो स्टुडिओ.
खरं तर प्रकाशा, आमचं गाव,
पण पाटीवर शेवटच्या कान्याला जागा उरली नव्हती.

आत सात पडदे, मांजरपाटाचे,
सरस आणि खडू चोपडून ताठ केलेले.
रंगवणारा झिपरू पेंटर
नंदुरबारच्या पलीकडे कधी गेला नाही.
जग त्यानं घेतलं काड्यापेटीवरून, कॅलेंडरवरून,
आणि भुसावळच्या एका टीसीनं दिलेल्या
कव्हर नसलेल्या मासिकातून.

त्याचा ताजमहाल पिवळसर,
पांढरा संपला होता आणि जत्रा उद्यावर.
यमुनेत त्यानं तापीच ओतली,
काठाला टरबुजाच्या वाड्या.
पिरॅमिड त्याला लगेच कळले.
"कडब्याच्या गंज्या," म्हणाला,
एकाला शिडीसुद्धा टेकवून दिली.
आयफेल टॉवरला त्यानं तारा ओढल्या.
एवढा खांब उभारून वीज नेली कुठं,
हे त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

पिसाच्या मनोऱ्याशी मात्र अडला.
चित्र उलटंसुलटं धरून पाहिलं.
बाप गवंडी त्याचा,
ओळंब्याला सूतभर चुकलेली भिंत
मालकानं बघायच्या आत पाडणारा.
झिपरूनं मासिक मिटलं
आणि मनोरा सरळ काढला.
"वाकडं बांधणारे बांधोत,
माझ्या हातून नाही व्हायचं."

मालक चिडला. गिऱ्हाइकं हसली,
हा कोणता मनोरा, पाण्याची टाकी का?
तिसऱ्या रात्री नदीकडून वारा सुटला,
बांबूची गाठ सैल झाली,
सकाळी बघतो तर मनोरा कललेला,
मासिकात होता अगदी तेवढा.
झिपरूनं आधी चहा संपवला,
मग दोर आवळला.

तोरणमाळकडून आलेलं पावरा जोडपं
ताजमहालापुढे ताठ उभं राहिलं.
तिनं सांगून ठेवलं होतं,
मागचं काय यायचं ते येऊ दे,
गळ्यातली चांदी पूर्ण आली पाहिजे.

एका घोडेवाल्याला फोटो हवा होता घोडीचा, आयफेलपुढे.
घोडीनं टॉवरखालचं गवत हुंगलं,
ओठ वर केला, आणि मान फिरवली.
झिपरूला ते फार लागलं.
त्या रात्री कंदिलाच्या उजेडात
त्यानं सगळं गवत नव्यानं रंगवलं.

आता ते पडदे नंदुरबारात,
मिरचीच्या पथारीवर अंथरलेले.
ताजमहाल लाल झालाय,
पिरॅमिडवर बाया बसतात, नाकाला पदर बांधून, देठ खुडत.

सातवा तेवढा माझ्याकडे आहे.
झिपरूनं डोळ्यांनी पाहिलेलं एकच मोठं काम:
थाळनेरचे घुमट, मागे तापी, खचलेला बुरूज.
त्याच्यापुढे कोणी उभंच राहायचं नाही.
बसनं दिसतं ते, त्याचे पैसे कशाला?

एकदाच आली एक म्हातारी, भुराबाई.
कॅमेऱ्याकडे बघ म्हटलं तर
पाठ करून पडद्याकडेच बघत राहिली,
शेळ्या मोजाव्यात तसे घुमट मोजले बोटानं.
मग म्हणाली,
"भेग डाव्या आंगले शे, भो.
पान्यामा मी तठेच बकऱ्या बांधस."
मी तेवढ्यात बटण दाबून टाकलं.
फोटोत तिची पाठ आहे, आणि वर उचललेलं एक बोट.

मला वाटलं झिपरू भांडेल.
तो काहीच बोलला नाही.
डबा उघडला, उजवी भेग बुजवली,
डावीकडे नवी काढली, बारीक कुंचल्यानं,
मध्येच थांबून, एक डोळा मिटून.

पडदा मी वर्षातून एकदा उन्हात टाकतो.
मागून ऊन आलं
की बुजवलेली भेगही दिसते.