वीस लिटरला पाच

पुडीवर लिहिलंय : एक लिटर पाण्यात एक.
साहेब म्हणाले, वीस लिटरच्या जारला पाच टाका,
चव आली म्हणजे झालं.

मी स्टोअरची बाई. नट, बोल्ट, हातमोजे, ग्रीस,
आणि एप्रिलपासून ह्या नारंगी पुड्या
माझ्या कुलपात.
रजिस्टरला त्यांचा रकाना ग्रीसच्या शेजारी.

भोसरीत नऊलाच पत्रा तापतो.
तिकडे पेठेत दुकानं एक ते चार मिटतात म्हणे,
आमच्या भट्टीला ही रीत कुणी सांगितलेली नाही.
दीडला ओतकाम.
लाडल कलते, आणि लोखंड
काहिलीतल्या पाकासारखं साच्यात उतरतं.

इसाकभाई सदरा काढून टाकीवर टाकतात
तर तो घडी होत नाही.
पाठीवर मीठ फुटलेलं, खळ दिल्यासारखा ताठ.
एवढं बाहेर आलं,
आत किती गेलं,
ह्याला रकाना नाही.

परवा रंगनाथ काळभोरच्या पोटरीत गोळा आला.
लाडलचा दांडा हातात होता.
दोघांनी दांडा धरला, तिसऱ्यानं त्याला.
मग वाळूवर बसून पाय चोळत
म्हणतो कसा,
"ताई, तुमचं सरबत आज लई पातळ हाय."

रागानं नाही. चहाला म्हणावं तसं.

रात्री चष्मा लावून पुडीमागचं बारीक अक्षर वाचलं.
सोडियम, पोटॅशियम, पुढचं पोरीनं वाचून दाखवलं.
आणि आठवल्या कुडज्याच्या नर्सबाई,
हगवणीच्या साथीत आमच्या ओट्यावर बसून
आयांना दटावणाऱ्या :
लिटरला सहा चमचे साखर, सपाट, शीग नको.
अर्धा चमचा मीठ.
आणि पोराला द्यायच्या आधी स्वतः चाखा,
आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.

पाच पुड्या म्हणजे पाच लिटर.
राहिले पंधरा.
साखर साडेतीनशेच्या वर थोडी,
मीठ साडेसात चमचे,
लिंबं लांडेवाडीच्या मंडईतून, डागाळलेली, स्वस्त.
पिशवीत डब्याखाली घालून आणते.
सातला, गेट उघडलं की,
जारमध्ये लाकडी पट्टी फिरवते.

चाखायला आसवं कुठून आणू सकाळी सकाळी?
वरच्या ओठावर घाम असतो, तोच चाटते.
त्याच्याहून फिकं हवं.
जमतं.

इसाकभाई आता दुसरा ग्लास भरतात, बोलत काहीच नाहीत.
रंगनाथ बोलतो, पण तो मेल्या
कशावरही बोलतो.

काल साहेब आले. एक ग्लास प्यायले, मिटकी मारली.
"बघा, म्हटलं नव्हतं? पाचात भागतं."
मी मान हलवली.
रकान्यात लिहिलं, पाच. शिल्लक बरोबर.

आणि समासात, पेन्सिलीनं, तारीख घालून,
साखर, मीठ, लिंबं नऊ.
बिल अजून लावलेलं नाही.
पेन्सिल खोडलेली मात्र नाही.