वजनाची वही

ससून डॉकमागे गच्चीवर पत्र्याचे नऊ तुकडे टांगलेत.
दर महिन्याला उतरवतो, तोलतो,
त्यांनी खाल्लेली हवा मिलिग्रॅममध्ये मांडतो.

तांबं पहिल्या महिन्यात हावरं,
मग आपल्याच थराआड मंदावतं :
दुपटीला चार महिने, तिपटीला नऊ.
अ‍ॅल्युमिनियम तर क्षणात कडी लावून मोकळं.

लोखंडाला आडोसा धरता येत नाही.
पापुद्रा सुटतो, खाली कोरं अंग,
परत पहिला दिवस.
गळालेलं मी कागदात वेचतो, तेही तोलतो.

खाली कोलंबी सोलता सोलता
धुरपदा वैती ओरडते,
"पत्रा वारला का र?"
वाढला का, असं विचारायचं असतं तिला.

मी हो म्हणतो
आणि रकान्यात अधिकचं चिन्ह काढतो.