शिरोरेषा

पहिली पायरी सोपी असते:
शब्दाच्या माथ्यावरची आडवी रेघ शोधायची
आणि पुसायची.
वरून खाली काळे ठिपके मोजत यायचं,
जिथे गर्दी सर्वांत जास्त, तिथे रेघ.
ती गेली की अक्षरं सुटी होतात,
दोरी तुटल्यावर वाळत घातलेले बोंबील
टपाटप खाली यावेत तशी.

महाप्याला तिसऱ्या मजल्यावर
न उघडणाऱ्या खिडकीशी बसून
मी द्वारकाबाई नाखव्यांची वही सुटी करते आहे.
दिवाळे कोळीवाडा, उधारीची पानं चारशे बारा.
कडांना पाण्याचे डाग,
आणि एका पानावर चिकटलेला खराखुरा खवला.
यंत्राने त्याला शून्य मानलं.
कुणा हसुबाईचे चाळीस
रातोरात चारशे झाले.

यंत्राची जुनी खोड म्हणजे
ख दिसला की त्याचा र आणि व करायचा.
खाडी लिहा, ते रवाडी वाचणार.
मी त्याला अकरा हजार ख दाखवले,
तिरपे, पोट सुटलेले, शेपूट विसरलेले,
बॉलपेन संपत आल्यावर गिरवलेले.
आता शंभरात तीनदाच चुकतं.
सर म्हणाले, पेपर लिहायला घ्या.

आणि पान एकशे अठ्ठ्याण्णववर ती खूण आली.
नावापुढे बारीक गोल,
त्याला खाली ओढलेली, गळासारखी वळलेली रेघ.
यंत्र म्हणालं, चार, एकसष्ट टक्के.
मग म्हणालं, ळ.
मी कॉन्ट्रास्ट वाढवला, डाग धुतले,
शाई कुठे संपते, कागद कुठे सुरू होतो
ते पुन्हा आखून दिलं.
म्हणालं, प्र.
सव्वीस ठिकाणी तीच खूण, समोर रक्कम,
पण खालच्या बेरजेत ती रक्कम नाही.
मी लिहून टाकलं: वर्ग एकोणपन्नास, इतर.

शनिवारी टॅबलेट घेऊन दिवाळ्याला गेले,
नव्या वहीची चाचणी घ्यायला.
द्वारकाबाईंनी बोट टेकवलं. काही नाही.
लुगड्याला पुसून पुन्हा टेकवलं. काही नाही.
"ही काच मना वलखत नाय गो."
मी नोंद केली: ओलं बोट, बर्फाचं पाणी, बटण मोठं हवं.

खुणेचं विचारलं तेव्हा
त्या जिताड्याचं पोट फाडत होत्या.
सुरी थांबली नाही.
"ते मांगाचं नाय."
कुणाचं? का?
"सांगाचं आसतं तर नाव नसतं लिवलं कारन?
म्हनून तर तसा काढलाय."

मी पडद्यावरची ती बाकी निवडली
आणि काढून टाका दाबलं.
पेटी उघडली: तुमची खात्री आहे का?
होय. नाही.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"पैसं माजंच हायेत," म्हणाल्या,
"पुसू कशाला?
पन मांगाचं नाय."
दोन्ही बटणांवर त्यांचं बोट गेलं नाही,
आणि या वेळी ते कोरडं होतं.

परतताना बस नेरुळपर्यंत रिकामी होती.
मी हिशोब करत होते:
या खुणेला नाव दिलं, की यंत्र ती
कुठल्याही वहीत शोधून काढेल,
कुणाच्याही हातातल्या.
कुणाला माफ केलं याची यादी
अर्ध्या सेकंदात.

रविवारी रात्री सव्वीसही चौकटी उचलून
प्रशिक्षणातून बाहेर काढल्या.
अचूकता थोडी वाढली,
त्याचंच जास्त वाईट वाटलं.
पेपरात एक ओळ टाकली: काही खुणा अवाच्य.
सरांनी पेन्सिलीने समासात विचारलंय,
अवाच्य की अज्ञात?
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

फक्त नव्या पडद्यावर
होय आणि नाही यांच्या मधे
एक बटण ठेवलंय,
ओल्या बोटाला पुरेल एवढं.
त्यावर काय लिहायचं ते ठरलेलं नाही.
वरची रेघ तेवढी ओढून ठेवली आहे.